ओरडली का नाही? – देसाईगंज ते स्वारगेट

वैनगंगाकाठ (धागाकर्ती)

फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात स्वारगेट एसटी स्थानकात, पहाटेच्या वेळी, उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाला. ती फलटणला निघाली होती. 'ताई' म्हणत, गाडी तिकडे लागलीय असं सांगत आरोपीने तिला त्या बसपर्यंत नेलं, असं तिचं म्हणणं आहे. खटल्याचा निकाल न्यायालय देईल, त्याबद्दल मला इथे काही म्हणायचं नाही. मला बोलायचंय ते त्यानंतर आपण सगळे जे बोललो त्याबद्दल.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पहिला प्रश्न आला तो असा: "आजूबाजूला माणसं होती, मग ओरडली का नाही?" विचारणाऱ्यांत बायकाही होत्या, माझ्या वयाच्या, लेकीबाळी असलेल्या. पाठोपाठ गृहराज्यमंत्र्यांचं विधान आलं. तिथे झटापट, प्रतिकार झाला नाही म्हणून आसपासच्या कुणाच्या लक्षात आलं नाही, अशा अर्थाचं. टीका झाल्यावर, पोलिसांनी दिलेली माहिती मी सांगितली, असा खुलासा त्यांनी केला. आरोपीच्या वकिलांनी तर सगळं संमतीनेच झालं असा बचाव घेतला. तिघांच्या बोलण्यामागे धरून चाललेली गोष्ट एकच: झगडली नाही, म्हणजे तिची ना नव्हती.

मी गडचिरोली जिल्ह्यातली. हा प्रश्न आमच्याकडून निघून एकदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला आहे. मथुरा प्रकरण हे नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. तिथे नेमकं काय झालं हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२६ मार्च १९७२. देसाईगंज, म्हणजे रेल्वेच्या पाटीवरचं वडसा. तेव्हा जिल्हा चंद्रपूर. मथुरा ही आदिवासी मुलगी, आईबाप नसलेली, मजुरी करणारी. वैद्यकीय तपासणीत तिचं वय १४ ते १६ च्या दरम्यान निघालं. तिचं एका मुलावर प्रेम होतं, लग्न करायचं ठरत होतं. भावाला ते मान्य नव्हतं, म्हणून त्याने ठाण्यात तक्रार दिली आणि रात्री सगळ्यांना जबाबासाठी बोलावलं गेलं. साडेदहाच्या सुमारास जबाब संपले, हेड कॉन्स्टेबल घरी गेला, बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं आणि मुलीला आत थांबवून घेतलं. दार लागलं, दिवे गेले. बाहेर तिचे नातेवाईक उभे होते. हळूहळू गर्दी जमली. बाहेर आल्यावर तिने सांगितलं की एका शिपायाने बलात्कार केला आणि दुसऱ्याने अंगाशी चाळे केले.

१९७४ मध्ये चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं. मुलगी खोटारडी आहे, तिला शरीरसंबंधांची सवय आहे, असे शेरे निकालात आले. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला आणि एकाला पाच वर्षांची, दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली. भीतीपोटी हतबल होऊन पडून राहणं म्हणजे राजीखुशी नव्हे, हे नागपूर खंडपीठाने तेव्हाच लिहून ठेवलंय. मात्र सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना पुन्हा निर्दोष सोडलं. अंगावर जखमेची खूण नाही, म्हणजे प्रतिकार झाला नाही. भाऊ बाहेर होता, तिने त्याला हाक मारली नाही. जे झालं ते शांतपणे झालं, असं त्या निकालात म्हटलं आहे.

रात्रीची वेळ, पोलीस ठाणं, वर्दीतला माणूस, बंद दार आणि मजुरी करणारी पोरकी पोर. तिने कुणाकडे ओरडायचं होतं? ज्यांच्याकडे ओरडत जायचं, तेच आत होते.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यानंतर मुंबई, पुणे, नागपूर, दिल्लीत बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडी, सरकारी रुग्णालय, तुरुंग अशा ठिकाणी संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाईने न्यायालयात 'माझी संमती नव्हती' असं सांगितलं, तर संमती नव्हती असंच न्यायालयाने गृहीत धरायचं, असं ठरलं. २०१३ मध्ये तर कायद्यात स्पष्टच लिहिलं गेलं, की केवळ शरीराने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं मानता येणार नाही.

म्हणजे कायद्याने आपलं म्हणणं बदललं. आपल्या तोंडून निघणारा पहिला प्रश्न का बदलत नाही? यावर मोकळेपणाने लिहा, विरोधी मत असेल तरी लिहा. फक्त कुठल्याही पीडितेची ओळख उघड होईल असं काही टाकू नका.

---

अण्णा_सातारारोड

ताई, माहितीबद्दल आभार. मथुरा प्रकरणाचं नाव ऐकून होतो, एवढं ठाऊक नव्हतं.

पण एक विचारतो. मला दोन नाती आहेत, दोघी शिकायला पुण्यात. मी त्यांना सांगतो की रात्री एकटं फिरू नका, अनोळखी माणसाच्या मागे जाऊ नका, काही वाटलं तर जोरात ओरडा. आपण घराला कुलूप लावतो ते चोराची बाजू घेतो म्हणून नव्हे. आजोबा म्हणून मी सांगतोय यात चूक काय? हल्ली सावधगिरीचा एक शब्द काढला की लगेच 'मुलीला दोष देता' म्हणून अंगावर येतात.

---

वैनगंगाकाठ

अण्णा, नातींना सांगता ते जरूर सांगा. मीही माझ्या लेकीला सांगते. पण हे सांगणं घडण्याआधीचं आहे. घडून गेल्यावर तेच वाक्य प्रश्न बनून तिच्यापुढे उभं राहतं, तेव्हा त्याचा अर्थ फिरतो. आणि घरफोडी झालेल्या माणसाला ठाण्यात कुणी विचारत नाही की कुलूप कुठल्या कंपनीचं होतं, त्यावरून चोरी खरी की खोटी ते ठरवू. बाईच्या बाबतीत नेमकं तेच होतं.

दुसरं म्हणजे, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची वर्षानुवर्षांची आकडेवारी बघितली तर बलात्काराच्या शंभर गुन्ह्यांत नव्वदहून जास्त वेळा आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, मित्र, मालक. अनोळखी माणसाच्या मागे जाऊ नको हे सांगून आपण फार थोड्या दारांवर पहारा बसवतो.

---

मीनल_स्टॉकहोम

'ओरडली का नाही' याला शरीरशास्त्राचं उत्तर आहे, ते सांगते. इथे स्टॉकहोममध्ये एका रुग्णालयात अत्याचार झालेल्या बायकांसाठी तातडीचं केंद्र आहे. तिथे आलेल्या २९८ बायकांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७० टक्के बायकांनी सांगितलं की त्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात जागच्या जागी गोठलं होतं. हात हलत नव्हता, आवाज फुटत नव्हता. जवळजवळ निम्म्या बायकांमध्ये हे अतितीव्र होतं. ठरवून होत नाही हे. अतोनात भीतीत पळणं आणि लढणं दोन्ही शक्य नसलं की शरीर आपोआप हे तिसरं करतं. ज्यांचं शरीर असं गोठलं होतं त्यांना पुढे नैराश्याचा आणि आघातोत्तर त्रासाचा धोका जास्त होता, हेही त्यात दिसलं. आणि नेमकी हीच बाई 'मी का नाही ओरडले' म्हणून आयुष्यभर स्वतःला खात बसते, वर आपण बाहेरून तोच प्रश्न विचारतो.

स्वीडनमध्ये १ जुलै २०१८ पासून कायदा बदलला. पूर्वी हिंसा किंवा धमकी सिद्ध करावी लागायची. आता समोरची व्यक्ती स्वेच्छेने सहभागी होती का, एवढाच प्रश्न. शिवाय 'हयगयीने केलेला बलात्कार' असा वेगळा गुन्हा आहे. समोरच्याची इच्छा आहे की नाही हे जाणून घ्यायची घोर हयगय केली तर तोही गुन्हा. २०१७ मध्ये १९० जणांना बलात्कारासाठी शिक्षा झाली होती, २०१९ मध्ये ३३३ जणांना. कायदा आला तेव्हा इथेही खूप आरडाओरड झाली होती की आता काय लेखी करार करायचे का. कुणी करार करत नाही. लोक विचारतात, आणि उत्तर मिळालं नाही तर थांबतात.

---

ग्रामीण_डॉक्टर

मथुरा प्रकरणातला जखमा नसल्याचा मुद्दा वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. त्याची दुसरी बाजू आमच्या टेबलावर असते.

मी ग्रामीण रुग्णालयात लागलो तेव्हा अशा तपासणीचा अहवाल कसा लिहायचा याचं शिक्षण म्हणजे जुनी फाईल काढून तिच्यावरून उतरवणं. त्या फाईलींत ठरलेली वाक्यं असायची. दोन बोटं सहज जातात, पडदा जुना फाटलेला, संबंधांची सवय असावी. बलात्कार झाला की नाही याच्याशी या वाक्यांचा काडीचाही संबंध नसतो. तरी ती वर्षानुवर्षं लिहिली गेली आणि न्यायालयात बचावाचे वकील तीच वाचून दाखवत राहिले. सोबत आलेला जमादार बाहेर थांबून विचारायचा, "डॉक्टर, अंगावर काही आहे का बघा, नाहीतर केस उभी राहायची नाही."

अंगावर बहुतेक वेळा काही नसतं. चाकू दाखवला, गळ्यावर हात ठेवला, भावाला मारीन म्हणाला, तर जखम कुठून होणार? लग्न झालेल्या, मुलं झालेल्या बाईला आत इजा झालेली दिसेलच असं नाही. ती आंघोळ करून, कपडे धुऊन, दोन दिवस विचार करून येते. तोवर पुरावा पाण्याबरोबर गेलेला असतो.

दोन बोटांच्या चाचणीविरुद्ध आपल्या विदर्भातूनच मोठं काम झालं. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यकाचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी हा विषय लावून धरला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी बाईच्या खाजगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग करते असं म्हटलं. २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वं आली. तरी चालूच होतं, म्हणून ३१ ऑक्टोबर २०२२ ला न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल.

आता फॉर्म बदललाय, आणि मला त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग पहिल्याच पानावर वाटतो. तपासणीला संमती, नमुने घ्यायला संमती, पोलिसांत तक्रार द्यायची की नाही याबाबत तिचं म्हणणं, हे वेगवेगळं विचारायचं. यातल्या कशालाही ती नाही म्हणू शकते आणि नाही म्हटली म्हणून उपचार अडवता येत नाहीत. एक मुलगी आली होती, सतरा-अठराची. मी प्रत्येक वेळी, आता बीपी बघू का, आता हात बघू का, असं विचारत होतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी ती आईकडे बघायला लागली, उत्तर आईने द्यावं म्हणून. मी म्हटलं, तुला विचारतोय. तिला काय बोलायचं ते कळेना. तिच्या अंगाबद्दल तिला आजवर कुणी काही विचारलेलंच नव्हतं.

---

जोगेश्वरी_फास्ट

डॉक्टरांचा प्रतिसाद दोनदा वाचला. कपड्यांवर चर्चा नेहमी होते म्हणून एकच ओळ: मी सलवार-कमीज, ओढणी, बॅग पुढे घेऊन लोकलच्या पुलावर चालते, आणि तरीही.

---

बापमाणूस_नाशिक

माझं मत इथे अनेकांना आवडणार नाही, पण धागाकर्तीने विरोधी मत मागितलंय म्हणून लिहितो.

मला मुलगा आहे, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मला त्याची भीती वाटते. दोन वर्षं एकत्र फिरायचं, पटलं नाही की मुलीने जाऊन गुन्हा दाखल करायचा, लग्नाचं आमिष दाखवलं म्हणून. आमच्या नात्यात एका मुलाला असं झालं. सुटला, पण नोकरी गेली, बाप आजारी पडला. सुटल्याची बातमी कुणी छापली नाही. बाईने 'नव्हती संमती' म्हटलं की झालं, मग मुलाने स्वतःला निर्दोष कसं सिद्ध करायचं? प्रत्येक वेळी पुरुषच गुन्हेगार धरून चालायचं का? आणि इतक्या केसेस सुटतात, त्या खोट्याच असणार ना?

---

वकील_परभणीकर

बापमाणूस, प्रश्न रास्त आहेत. एकेक घेतो.

संमती नसल्याचं गृहीतक सरसकट नाही. धागाकर्तीने लिहिल्याप्रमाणे ते कोठडी, रुग्णालय, वरिष्ठ-कनिष्ठ अशा कायद्यात नेमून दिलेल्या प्रकारांपुरतं आहे. आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२० मध्ये आहे. तुमच्या मुलासारख्या प्रकरणात गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षावरच असते.

लग्नाच्या वचनाबद्दल: २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फरक स्पष्ट केलाय. मुळातच लग्न करायचं नव्हतं आणि केवळ संबंधांसाठी थाप मारली, ते वेगळं. मनापासून वचन दिलं आणि पुढे जमलं नाही, ते वेगळं. दुसऱ्याला बलात्कार म्हणत नाहीत. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीने ठेवलेल्या संबंधांसाठी कलम ६९ वेगळं आहे. त्याचा वापर कसा होतो यावर आम्हा वकिलांतही मतभेद आहेत. माझं स्वतःचं मत असं, की या कलमाने बाईचा निर्णय पुन्हा लग्नाशी बांधला. मला ते पटत नाही.

सुटलेल्या केसेस खोट्या, हे मात्र मान्य नाही. बलात्काराच्या खटल्यांत शिक्षेचं प्रमाण देशभरात २०१८ ते २०२२ या काळात बहुतेक वर्षं २७-२८ टक्क्यांच्या आसपास होतं. सुटण्याची कारणं मी रोज बघतो. खटला उभा राहायला पाच-सहा वर्षं लागतात. तोवर मुलीचं लग्न झालेलं असतं, सासरी काही सांगितलेलं नसतं. साक्षीदार फितूर होतात. पंच गावातलाच, आरोपीचा भाऊबंद. दोन्हीकडचे जाणते लोक बसून एकरात किंवा रोख रकमेत मिटवतात आणि मुलगी साक्षीला येऊन म्हणते, काही झालंच नव्हतं. पुरावा कमी पडला म्हणून सुटणं वेगळं आणि तक्रार खोटी होती असं न्यायालयाने म्हणणं वेगळं.

आणखी एक गोष्ट, जी दोन्ही बाजूंचे लोक टाळतात. पॉक्सोखालची, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या कायद्याखालची, जी प्रकरणं माझ्याकडे येतात, त्यातली बरीच पळून गेलेल्या जोडप्यांची असतात. मुलगी सतरा वर्षांची, मुलगा वीस-एकवीसचा, बहुतेकदा वेगळ्या जातीचा. तक्रार मुलीचा बाप देतो. अठराच्या आत संमतीला कायद्यात अर्थ नाही, त्यामुळे मुलगी न्यायाधीशांपुढे 'मी स्वतः गेले' म्हणून रडत राहते आणि मुलगा आत. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये या वयोमर्यादेचा विचार व्हायला हवा असं म्हटलं होतं. कायद्याचा गैरवापर शोधायचाच असेल तर तो इथे सापडेल, आणि तो करणारी मुलगी नसते. तिची हो मानायला तयार नसलेले वडीलधारे असतात.

---

बापमाणूस_नाशिक

वकीलसाहेब, समजलं, पण माझी भीती जात नाही. आमच्या नात्यातल्या पोराची दोन वर्षं कुणी परत देणार नाही. निदान निकाल लागेपर्यंत मुलाचंही नाव छापू नये, यावर तरी एकमत व्हावं.

---

वकील_परभणीकर

निकालाआधी माध्यमांनी कुणाचीही धिंड काढू नये, यावर माझं तुमच्याशी एकमत आहे. आरोपीचं नाव गुप्त ठेवायचं का यावर नाही. नाव बाहेर आल्यावर आधी गप्प बसलेल्या बायका पुढे येतात, असं कितीदा घडलंय.

---

व्यवस्थापक

वरचा एक प्रतिसाद काढून टाकला आहे. त्यात एका प्रकरणातल्या मुलीचं गाव, कॉलेज आणि वडिलांचा व्यवसाय लिहिला होता. नाव नव्हतं, तरी ओळख पटेल एवढी माहिती होती. पीडितेची ओळख उघड करणं न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे. हेतू सहानुभूतीचा असला तरी.

---

नाव_नको

या आयडीने पहिल्यांदाच लिहितेय.

सगळे बस, ठाणं, अंधार यावर बोलताय. माझ्या बाबतीत माझं स्वतःचं घर होतं आणि लग्नातला नवरा. बाळंतपणाला महिना झाला नव्हता. टाके होते. मी नको म्हटलं, हात धरला, रडले. शेजारच्या खोलीत सासू-सासरे झोपलेले. ओरडले नाही, कारण ओरडून काय सांगणार? सकाळी आईला फोन केला, तर आई म्हणाली, पुरुषाची जात आहे, सांभाळून घे. आईने हे दुष्टपणाने म्हटलं नाही. तिलाही तिच्या आईने हेच सांगितलं असेल.

मला त्या माणसाला तुरुंगात टाकायचं नव्हतं. मला एवढंच हवं होतं की माझ्या माणसांपैकी कुणीतरी म्हणावं, त्याने चुकीचं केलं.

---

वैनगंगाकाठ

नाव_नको, त्याने चुकीचं केलं. तुम्ही नको म्हटलं होतं, तिथेच सगळं थांबायला हवं होतं. लिहिलंत, फार बरं केलंत. आणखी लिहावंसं वाटलं तर लिहा, नाही वाटलं तरी चालेल.

---

वकील_परभणीकर

नाव_नको, तुमच्यासाठी आणि असं वाचून गप्प बसलेल्या इतरांसाठी. बायको अठरा वर्षांवरची असेल तर नवऱ्याने केलेली जबरदस्ती आपल्या कायद्यात अजून बलात्कार ठरत नाही. न्या. वर्मा समितीने जानेवारी २०१३ च्या अहवालात हा अपवाद काढा म्हणून सांगितलं होतं. तो नव्या संहितेतही तसाच आलाय. मे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी यावर दोन वेगळी मतं दिली. मात्र २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ धरलेला आहे. संरक्षण आदेश, राहण्याचा हक्क, पोटगी, भरपाई मागता येते. त्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी संरक्षण अधिकारी असतात.

आणि समाज कायद्याच्या पुढे आहे की मागे, याचं एक मोजमाप आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) विचारलं होतं: नवऱ्याला लैंगिक आजार असेल, त्याचे दुसरीकडे संबंध असतील, किंवा बायको दमलेली असेल, तर तिने नाही म्हणणं योग्य आहे का? तिन्ही बाबतींत हो म्हणणाऱ्या बायका ८० टक्के होत्या, पुरुष ६६ टक्के. म्हणजे दर तिसऱ्या पुरुषाला यातल्या किमान एका कारणासाठी तरी बायकोचं नाही मंजूर नाही. आणि कारणाशिवाय नाही म्हटलं तर? त्या प्रश्नात तर ते नव्हतंच.

---

खडू_फळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, नववी-दहावीला शिकवतो. डॉक्टरांनी त्या मुलीबद्दल लिहिलं, तिला कुणी विचारलं नव्हतं. मी मुलांबद्दल लिहितो, त्यांना कुणी विचारायला शिकवलेलं नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचाराची घटना झाली, लोकांनी रेल्वे रोखली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि सुनावणीत न्यायमूर्ती म्हणाल्या की मुलांनाही शिकवा. आमच्याकडे सखी सावित्री समिती, म्हणजे शाळेतल्या मुलामुलींच्या सुरक्षेसाठीची समिती, २०२२ च्या शासन निर्णयापासून कागदावर होती. बदलापूरनंतर तिची बैठक झाली आणि ठराव काय झाला, तर मुलींनी सुट्टीनंतर वर्गात थांबू नये, मुलींची स्वच्छतागृहाकडे जायची वेळ वेगळी ठेवावी, मुलींसाठी स्वसंरक्षणाचं शिबिर घ्यावं. सगळं मुलींनी करायचं. मुलांसाठी एक ओळ नाही. मी विचारलं तर सरपंच म्हणाले, "पोरांना काय सांगायचं, नसत्या गोष्टी डोक्यात घालायच्या का?"

डोक्यात काय आहे ते मला माहीत होतं, म्हणून मी नववीच्या मुलांचा वेगळा तास घेतला. चिठ्ठ्यांवर, नाव न लिहिता, एक प्रश्न: मुलगी नाही म्हणाली तर काय करायचं? बहुतेक चिठ्ठ्या एकाच चालीच्या. मागे लागायचं. मित्राकडून निरोप पाठवायचा. पहिल्यांदा सगळ्याच नाही म्हणतात. एकाने लिहिलं, "हसली म्हणजे हो." एका चिठ्ठीवर फक्त "माहीत नाही" होतं, आणि मला ती सर्वांत प्रामाणिक वाटली.

मग मी त्यांना उलटं विचारलं. तुमच्यापैकी कुणाला कुणी जबरदस्तीने हात लावलाय? वर्ग गप्प. तास संपल्यावर एक मुलगा थांबला. जत्रेच्या गर्दीत, गावातला मोठा माणूस. तो म्हणाला, "सर, मला ओरडताच आलं नाही." त्याला समजावून सांगावं लागलं नाही की बसमध्ये, ठाण्यात, कुठेही हे होऊ शकतं. मुलग्यांवरही अत्याचार होतात. पॉक्सो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. घरात मात्र मुलगा हे सांगू शकत नाही, कारण ऐकून घ्यायची कुणाची तयारीच नसते.

बापमाणूस, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं हे आहे. मुलाला करार करायला शिकवायची गरज नाही. विचारायला शिकवा, आणि आलेलं उत्तर ऐकून घ्यायला. ज्याला हे जमतं त्याच्यावर खोटी तक्रार कधीच होणार नाही अशी हमी मी देऊ शकत नाही. पण तुमची भीती आणि माझ्या वर्गातल्या मुलींची भीती यांची बेरीज त्याने कमी होते.

---

अण्णा_सातारारोड

सरांचा प्रतिसाद वाचून घरात सगळ्यांना वाचून दाखवला. तरी माझं म्हणणं आहेच, दिवस वाईट आहेत तोवर पोरींनी जपून राहावं. मात्र आमच्या नातवाशी या विषयावर कुणी बोललेलं नाही हे खरं. त्याच्या बापाला सांगितलंय. तो म्हणतो, तुम्हीच बोला.

---

कोथरूडकर_२

धागा चांगला चाललाय, एक शंका राहिली. गावाकडे 'मिटवा' म्हणतात ते बंद कसं होणार? आरोपीशीच लग्न लावून द्यायचे प्रकार अजून ऐकू येतात.

---

वकील_परभणीकर

गाव तर सोडाच. जुलै २०२० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना अट घातली होती की पीडितेच्या घरी जाऊन तिच्याकडून राखी बांधून घे. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि सगळ्या न्यायालयांना बजावलं की लग्न, तडजोड असलं काही सुचवायचं नाही. बलात्काराचा गुन्हा तडजोडीने मिटणारा नाहीच. जे पंच असं मिटवतात त्यांच्या बैठकीला कायद्याने कवडीची किंमत नाही.

---

जोगेश्वरी_फास्ट

आमच्या कामाच्या ठिकाणी एका मुलीच्या बाबतीत परवाच झालं. ठाण्यात गेलो तर म्हणाले घटना आमच्या हद्दीत नाही, तिकडे जा. तिकडे जायला दोन तास. आणि आधी रुग्णालयात जायचं की आधी ठाण्यात? कुणीतरी नीट सांगा, घाईत आहे.

---

वकील_परभणीकर

हद्दीचं कारण चालत नाही. कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून घ्यावाच लागतो, पुढे तो ते संबंधित ठाण्याला पाठवतात. बलात्काराची माहिती नोंदवून न घेणं हा त्या अधिकाऱ्याचा गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम १९९. तक्रार महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची. प्रत फुकट मिळते, घेतल्याशिवाय उठू नका. अडवलं तर ११२ ला फोन करा, किंवा पोलीस अधीक्षक वा आयुक्तांकडे लेखी द्या. महिलांसाठी १८१ आहे. आत्ता कुठल्या भागात आहात ते मला व्यक्तिगत निरोपात कळवा, तिथल्या ओळखीच्या वकील बाई आहेत, त्यांना पाठवतो.

---

ग्रामीण_डॉक्टर

आधी रुग्णालयात गेलात तरी चालतं. सरकारी असो की खाजगी, प्रथमोपचार आणि उपचार फुकट द्यायचे आणि पोलिसांना कळवायचं, हे रुग्णालयावर बंधन आहे. पोलिसांचं पत्र आणा मग बघू, असं म्हणता येत नाही. जमलं तर तपासणीआधी आंघोळ नको, त्या वेळचे कपडे न धुता कागदी पिशवीत घ्या, प्लॅस्टिकमध्ये नको. आंघोळ झाली असेल, कपडे धुतले असतील, तरीही जा. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी आणि एचआयव्ही टाळायची औषधं जितक्या लवकर तितकी चांगली, ७२ तासांच्या आत. मुलीबरोबर तिला हवी असलेली एक व्यक्ती राहू द्या. कोण हवं ते तिलाच विचारा.

---

जोगेश्वरी_फास्ट

निघालो. वकीलसाहेब, निरोप पाठवलाय.